थाळी उलटी करून बघा: इराणी निळं-पांढरं आणि चीन

प्रश्न विचारणाऱ्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक निळी-पांढरी थाळी पाहिली. मधोमध झाडाखाली हरणं, काठाला कप्पे, कप्प्यांत फुलं. त्यांनी ती चिनी म्हणून मनात नोंदवूनही टाकली होती. मग खालची पाटी वाचली: इराण, किरमान, १७वं शतक. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत. इराणी कुंभारांनी चीनची सरळ नक्कल मारली का? मग ‘हा निळा रंग मूळचा इराणचा’ असं जे वाचायला मिळतं, त्याचं काय? आणि पाटी नसेल तर दोन्ही वेगळी ओळखायची कशी?

मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. पुण्यात माझी छोटी भट्टी आहे, तेवीस वर्षं चाकावर बसते आहे. त्यातली निम्मी वर्षं एका हट्टापायी गेली: मातीऐवजी गारगोटीच्या पिठाची भांडी करायची, जुने इराणी कुंभार करायचे तशी. जोडीला फुटक्या जुन्या भांड्यांची डागडुजी. त्यामुळे मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

काही वर्षांपूर्वी एका घरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी थाळी माझ्याकडे आली. पाच तुकडे, आणि आधी कुणीतरी गोंदानं चिकटवून बिघडवलेले. पणजोबांनी आखातातून आणलेली, घरात तिचं नाव ‘चिनी परात’. वरून पाहिली तर मीही चिनीच म्हटलं असतं. फुटक्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडला. पोर्सेलीन असतं तर थेंब मण्यासारखा बसून राहिला असता. इथं तो गुळाच्या ढेपेत मुरावा तसा बघता बघता आत गेला. भिंग लावलं. कड काचेसारखी सलग नव्हती, खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसतो तशी कणीदार होती. परात चीनची नव्हतीच. घरच्यांचा चेहरा जरा उतरला, माझी मात्र दिवाळी झाली.

हा जो फरक आहे, तो सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. चिनी पोर्सेलीनला केओलिन नावाची पांढरी माती आणि पेटुन्त्से नावाचा कुटलेला दगड लागतो. दोन्ही मिळून १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं की भांड्याचं अंग अर्धवट वितळून सलग होतं. पातळ असेल तर उजेडापुढं धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसते, टिचकी मारली की स्वच्छ वाजतं. इराणात ती परंपरा नव्हती आणि तेवढी तापणारी भट्टीही नव्हती. चिनी पांढऱ्याचं वेड मात्र होतं. त्या वेडातून १२व्या शतकात काशानच्या कुंभारांच्या हाती एक वेगळंच अंग स्थिरावलं, ज्यात माती जवळजवळ नव्हतीच.

त्याची कृती लिहून ठेवणारा माणूस काशानचाच, अबुल कासिम. घराणं पिढीजात कुंभारांचं, हा स्वतः लिहिणारा निघाला, म्हणून आपलं नशीब. १३०१ सालच्या त्याच्या लिखाणात प्रमाण स्पष्ट आहे: दहा भाग कुटलेली गारगोटी, एक भाग काचचूर, एक भाग पांढरी चिकणमाती. गारगोटीला तो ‘शकर-ए-संग’ म्हणतो, म्हणजे दगडाची साखर. मी फुटक्या कडेला खडीसाखर म्हटलं, तेव्हा हा शब्द मला ठाऊक नव्हता. नंतर वाचला आणि सातशे वर्षांपूर्वीच्या कुणीतरी टाळी दिल्यासारखं वाटलं.

हे पीठ चाकावर घेऊन बघा, म्हणजे इराणी कुंभारांबद्दलचा आदर आपोआप वाढेल. मातीला लोच असतो, तिला वर ओढलं की ती येते. हे पीठ ओल्या वाळूसारखं. भिंत चार बोटं चढली की मान टाकतं, काठ फाकवायला गेलं की चिरतं. पहिल्या वर्षी मी चाळीसेक भांडी केली असतील, भट्टीतून धड बाहेर आली सहा. म्हणून बऱ्याच थाळ्या साच्यावर दाबून केल्या जात. जयपूरची ब्लू पॉटरी याच कुळातली: गारगोटीचं पीठ, काचचूर, मुलतानी माती आणि डिंक. जयपूरचं एखादं भांडं घरात असेल तर त्याचा जाड काठ आणि किंचित बोदा आवाज आठवा.

आता निळ्याकडे येते. कोबाल्ट भट्टीत जाण्याआधी निळं नसतं. ऑक्साइड असेल तर काळं, कार्बोनेट असेल तर फिकट जांभळं. रंगवणारा आंधळेपणानं रंगवत असतो. निळं काय ते भट्टी उघडल्यावर. त्यात हे कोरडं अंग टिपकागदासारखं पाणी ओढून घेतं. कुंचला क्षणभर थांबला की तिथं डाग, आणि खोडायची सोय नाही. एवढं करून वर झिलई (काचेसारखा थर) चढते ती सोड्याच्या क्षाराची. ती वितळताना कोबाल्टला स्वतःत विरघळवून घेते, आणि धुण्यात नीळ पसरावी तशी रेघ कडेनं सुटते. चिनी झिलईत रेघ बऱ्यापैकी जागची हलत नाही. चिनी कारागीर बारीक रेघेनं आकार बांधतो आणि आत सौम्य निळं भरतो, ते त्याला परवडतं. इराणी कारागिरानं तेच केलं तर हरणाच्या चार पायांचा एक ढग होतो. माझ्या पहिल्या भट्टीत तसाच झाला होता.

मग त्यांनी काय केलं? कुणी रेघ जाड केली, मोकळी सोडली, आकार मोठे केले. आणि १७व्या शतकात मशहदच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या भांड्यांत दिसतं तसं कुणी काळ्या रंगाची बाह्यरेषा काढली. हा काळा कोबाल्टसारखा पळत नाही, निळ्याला कुंपण घालतो. चिनी थाळीत असं काळं कुंपण दिसणार नाही. निळ्या फुलाभोवती काळी रेघ आणि निळं तिच्या बाहेर किंचित ओघळलेलं, असं दिसलं की मी निम्मा निकाल तिथंच देऊन टाकते.

नकलेचा प्रश्न इथं येऊन बदलतो. नक्षी चीनची होती, यात वादच नाही. पण तिला बसायला मिळालेलं अंग चिनी नव्हतं आणि झिलई चिनी नव्हती. त्या सामग्रीनं जिथं जिथं ‘नाही’ म्हटलं, तिथं तिथं इराणी शैली सुरू झाली.

दुसरा प्रश्न, निळं कुणाचं. याला इतिहासात थोडं मागं जावं लागतं. ९व्या शतकात बसऱ्याचे कुंभार चीनहून येणाऱ्या पांढऱ्या वाडग्यांवर भाळले. आपल्या पिवळट मातीवर त्यांनी कथिलाची दुधी पांढरी झिलई चढवली आणि त्यावर कोबाल्टनं नक्षी काढली. साधारण त्याच सुमारास चीनमध्येही हेनान प्रांतात कोबाल्टचे प्रयोग चालले होते. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली सापडलेल्या जहाजात चिनी भांड्यांचे सुमारे साठ हजार नग निघाले, आणि त्या ढिगात निळ्या-पांढऱ्या थाळ्या फक्त तीन. जहाजातल्याच दुसऱ्या एका वाडग्यावरची तारीख ८२६ सालची आहे. जहाज अरबी बांधणीचं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा माल समुद्रावरच घडत होता म्हणा ना.

कोबाल्टचं दगडातलं घर अबुल कासिमनं सांगितलं आहे: काशानजवळच्या डोंगरातलं कमसर गाव. कारागीर त्याला ‘सुलेमानी’ म्हणत, कारण गावकऱ्यांच्या मते ते सुलेमान पैगंबरानं शोधलं. काळ्या कठीण दगडाच्या म्यानात चांदीसारखं चमकतं, असं त्याचं वर्णन. (कमसर आज गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध आहे. निळ्याचं कुणी विचारत नाही.)

१४व्या शतकात, मंगोलांच्या एकाच छत्राखाली दोन्ही टोकं आली तेव्हा, चीनमधल्या जिंगडेझेन या पोर्सेलीनच्या गावच्या भट्ट्यांत खरी निळी-पांढरी क्रांती झाली. त्या काळच्या चिनी निळ्याचं रासायनिक पृथक्करण केलं की लोह जास्त आणि मँगनीज अगदी कमी आढळतं. चीनच्या स्थानिक कोबाल्टमध्ये नेमकं उलट, मँगनीज भरपूर. निळं पश्चिमेकडून आलं होतं. नंतरच्या चिनी लिखाणात त्याला एक नावही मिळालं, ‘हुइहुइ छिंग’, म्हणजे मुसलमानी निळं. लोह जास्त असल्यानं रंग जिथं दाट साचतो तिथं काळपट ठिपके उमटतात, झिलईत किंचित खड्डा पडतो. पुढे चिनी रसिकांना हा दोष इतका आवडला की १८व्या शतकातले कारागीर तो कुंचल्यानं मुद्दाम ठिपके देऊन नकलायला लागले. त्यावरून हल्ली खऱ्या-खोट्याची पारख करतात.

गिऱ्हाईकही पश्चिमेचंच. चिनी घरात प्रत्येकाचा लहान वाडगा. इराण, तुर्कस्तान, हिंदुस्थानात एका मोठ्या थाळीभोवती चारजण बसणार. युआन काळातल्या, म्हणजे चीनमधल्या मंगोल राजवटीतल्या, चाळीस सेंटिमीटरच्या पुढच्या त्या प्रचंड थाळ्या, वर्तुळात वर्तुळ भरलेली गच्च नक्षी, हे सगळं त्या पंगतीसाठी होतं. दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या जागेतून अशाच युआन भांड्यांच्या तुकड्यांचा मोठा साठा निघाला आहे. या काळाची तारीख पक्की करणारा पुरावा म्हणजे १३५१ सालचा लेख असलेल्या, हत्तीच्या सोंडेचे कान असलेल्या दोन उंच सुरया. एका भक्तानं मंदिराला वाहिलेल्या. त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ज्यांच्या नावानं ओळखल्या जातात ते सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली आपल्या मुंबईत जन्मले होते. चिनी भांड्यांचा जगातला एक अव्वल संग्राहक मुंबईकर ज्यू घराण्यातला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

तर निळं आणि गिऱ्हाईक इराणकडचं, पांढरं आणि हात चीनचा. मग १५व्या शतकात तैमुरी अमलाखाली समरकंद, निशापूर आणि मशहदच्या कुंभारांनी ते परत आपल्याकडे ओढलं. तैमूरचा नातू उलूग बेग यानं समरकंदला चिनी फरशा मागवून चिनीखाना बांधला होता, बाबरानं आठवणींत त्याचा उल्लेख केला आहे. चिनी कमळाची वेल एवढी रुळली की इराणी कारागीर तिला ‘खताई’ म्हणायला लागले. खता म्हणजे चीन. गालिचा, पुस्तकाचं पान, मशिदीची फरशी, सगळीकडे खताई. नावात चीन राहिला आणि फूल इराणी झालं.

या ओढीचं शिखर इराणातल्या अर्दबीलला दिसतं. इराणचा राजा शाह अब्बास यानं १६११ साली आपला पूर्वज शेख सफी याच्या दर्ग्याला ११६२ चिनी भांडी वाहिली. ती ठेवायला एक घुमटाकार दालन सजवलं, भिंतींत भांड्यांच्या आकाराचे कोनाडे कापलेले. ती भांडी आता बहुतेक तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. प्रत्येकावर झिलई कोरून एक चौकोनी लेख उठवलेला आहे: ‘विलायतच्या राजाचा दास अब्बास, यानं शाह सफीच्या उंबरठ्याला वक्फ केलं.’ (हा विलायतचा राजा म्हणजे हजरत अली, आपली इंग्रजांची विलायत नव्हे.) मला यातलं भक्तीपेक्षा कोरणं जास्त थक्क करतं. पोर्सेलीनची झिलई पोलादाच्या टोकाला दाद देत नाही. तडा न जाऊ देता एवढे लेख कोरायचे म्हणजे त्या कारागिराचा श्वासही मोजून असणार. याच राजानं चीनहून तीनशे कुंभार आणवले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सापडेल. समकालीन पुरावा नाही. आणि गरजही नव्हती: समोर नमुने होते, हात तयार होते.

आता किरमान. १६४४ साली मिंग सत्ता कोसळली, चीनमध्ये धामधूम माजली, जिंगडेझेनचा माल आटला, आणि गाडी रुळावर यायला १६८३च्या आसपासचा काळ उजाडला. युरोपात तर निळ्या-पांढऱ्याची तहान लागलेली. डच ईस्ट इंडिया कंपनीनं जपानच्या आरिता भट्ट्यांना १६५९ साली मोठी मागणी दिली, आणि इराणकडेही वळली. किरमान आणि मशहदचे कारखाने तेव्हा जोरात होते. तुमच्या थाळीवरचे काठाचे कप्पे याच व्यापाराचे: वानली काळातल्या (१५७३ ते १६२०) निर्यातीच्या चिनी थाळ्यांना असे कप्पे असत, युरोपात त्यांना ‘क्राक’ म्हणत. पोर्तुगीज जहाजांतून तो माल मकाव, मलाक्का, गोवा करत जाई. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत मिंग खापरं सापडली ती याच वाटेची. किरमानच्या माणसानं कप्पे उचलले, पण चिनी कप्प्यांतली शुभचिन्हं त्याला अर्थहीन होती. मग गुंडाळीचित्राचा झाला गोंडा, पंख्याचं झालं पान.

फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ त्या काळात इराणात राहिला होता. त्यानं किरमानच्या भांड्यांची तोंडभरून स्तुती केली आहे आणि वर हेही लिहिलं आहे, की डच लोक हा माल चिनी मालात मिसळून विकतात. तेव्हाच्या व्यापाऱ्यांचीही फसगत होत होती, तर काचेपलीकडून बघताना तुमची झाली यात नवल काय?

थाळी उलटी केली की मात्र गंमत सुरू होते. चिनी थाळीच्या बुडाशी बऱ्याचदा राजाच्या काळाची चिनी अक्षरं असतात. इराणी कुंभाराला वाटलं, हीही नक्षीच. त्यानं चौकोनात आडव्या-उभ्या रेघा ओढून एक चिनी-छाप खूण करून टाकली. वाचायला गेलात तर काहीच नाही. १७व्या शतकातल्या काही थाळ्यांना तर गोंड्यासारखीच खूण असते. हसू येतं, पण थांबा. चीनमध्ये झेंगडे बादशहाच्या काळात (१५०६ ते १५२१) लेखनसाहित्यावर फारसी-अरबी मजकूर रंगवायची टूम होती. ब्रिटिश म्युझियमात कुंचले टेकवायचा एक डोंगराच्या आकाराचा नग आहे, त्यावर फारसीत लिहिलं आहे ‘लेखणीची जागा’. चिनी कारागिराचा हात त्या अक्षरांत तसाच अवघडलेला दिसतो, जसा किरमानच्या कुंभाराचा चिनी अक्षरांत. दोघांनीही एकमेकांची लिपी चित्र म्हणून काढली.

ओळखीबद्दल आणखी थोडं. बुडाचं कडं, जिथं झिलई नसते, तिथं बोट फिरवा. चिनी असेल तर घट्ट, गुळगुळीत, आणि झिलई संपते तिथं बऱ्याचदा बारीक तांबूस रेघ. क्राक असेल तर चिकटलेली भट्टीची वाळू. इराणी असेल तर खडूसारखं कोरडं आणि मळ धरलेलं. झिलईवर केसासारख्या तड्यांचं जाळं इराणीत जास्त, त्यात शतकांचं तेल-धूळ बसून ते तपकिरी झालेलं. उजेडाची परीक्षा एकटीवर विसंबू नका, किरमानची उत्तम पातळ भांडीही थोडा उजेड सोडतात आणि जाड चिनी थाळी मुळीच सोडत नाही. निळ्याच्या छटेवरून तर कधीच निकाल देऊ नका. फोटोवरून विचारणाऱ्यांना मी एकच सांगते: समोरचा एक फोटो आणि मागचे तीन पाठवा. लोक नेमकं उलट करतात.

डोळा तयार करायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटांच्या संग्रहातली चिनी आणि जपानी पोर्सेलीनं तिथं निवांत बघता येतात. खऱ्या पोर्सेलीनचा पांढरा एकदा डोळ्यांत बसला की इराणी पांढऱ्यातला मऊपणा आपोआप जाणवतो. इराणी बाजू बघायला तुमचं लंडनचं संग्रहालयच चांगलं. तिथला मोठा साठा मर्डोक स्मिथ नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८७०-८०च्या दशकांत जमवला. तो तेहरानला तारखात्यात होता, हिंदुस्थानला लंडनशी जोडणाऱ्या तारेची देखभाल हे त्याचं काम. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अनेक थाळ्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आहेत. तुमची थाळी शोधा आणि बुडाशी काय काढलं आहे ते बघा.

आणि घरात अशी एखादी ‘चिनी परात’ असेल, तर चिनी की इराणी हे कळेपर्यंत तिला पाण्यात बुडवू नका. पोर्सेलीनला काही होणार नाही. पण गारगोटीचं अंग तड्यांतून साबण, हळद, चहा सगळं पिऊन घेतं आणि आठवडाभरानं झिलईखाली पिवळे ढग उमटतात. माझ्याकडे आलेल्या त्या पाच तुकड्यांना आधी कुणीतरी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घातलं होतं, गोंद सुटावा म्हणून. गोंद सुटला नाही. त्यातला तपकिरी रंग तेवढा कडेपासून बोटभर आत गेला, तो मला अजून पूर्ण काढता आलेला नाही.